मंगळवारच्या सुया

तुरुंग, वॉर्ड नऊ
४ नोव्हेंबर २०१८

बस्यूनीमामा,

सलाम. हे पत्र तुमच्या आधी इथले साहेब वाचतील, तेव्हा त्यांनाही सलाम.

माझं रक्त खराब निघालं. सरकारची तपासणीची मोहीम सुरू आहे, ती गावात यायच्या आधी आमच्याकडे आली. आम्ही घरी नाही असं कधी होत नाही, म्हणून असेल. बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, आणि वीस मिनिटांत माझ्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. यकृताचा सी विषाणू. ज्यानं आई गेली तोच. मोठी तपासणी पुन्हा केली, त्यातही तेच आलं.

आमच्या वॉर्डात बेचाळीस माणसं आहेत. टोचून घेतलं फक्त नऊ जणांनी. बाकीचे म्हणतात, रक्त खराब निघालं की वेगळ्या बराकीत टाकतात आणि भेटी बंद करतात. खरं-खोटं कुणाला माहीत नाही, पण खिडकीशी बसलेले दुसूकीकाका छातीवर हात मारून सांगतात, म्हणून सगळ्यांना पटतं. मी कुणाला काही बोललो नाही. न्हाव्याचंच रक्त खराब म्हटल्यावर त्याच्यापुढे गाल कोण धरणार? तुम्ही शिकवलेल्या धंद्यामुळे इथे मला मान आहे. मोरी धुवावी लागत नाही, झोपायला भिंतीकडेची जागा मिळते, आणि खून करून आलेला माणूससुद्धा मला 'उस्ताद' म्हणतो. मीही तसाच आलोय, हे तो विसरतो. पाण्याच्या पाळीवरून भांडण, फावड्याचा एक दांडा आणि सात वर्षं. चार गेली.

इन्शिराह गुरुवारी भेटीला आली होती. तिला मी सांगितलं. बायकोला दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून बरं, असं वाटलं. तिनं एकच विचारलं, "कुठून आलं?" मी म्हटलं, माहीत नाही. तिनं शिजवलेल्या बदकाचा डबा उघडला होता. तो बंद केला, टोपलीत ठेवला आणि परत घेऊन गेली. चार वर्षांत भेटीचा डबा पहिल्यांदा परत गेला, मामा.

तुम्ही चाळीस वर्षं गावचे आरोग्य-न्हावी. दाढी तुमच्याकडे, सुंता तुमच्याकडे, सुई तुमच्याकडे, मेल्याची नोंदही तुमच्याकडे. तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल. जाऊन तिला समजावा.

तुरटीचा खडा मिळाला. मुठीएवढा आहे, वॉर्डाला वर्षभर पुरेल.

तुमचा,
अतवा

•

कफ्र नवार
२१ नोव्हेंबर २०१८

भाच्या अतवा,

डोक्यावर हात. साहेबांनाही सलाम, माझं अक्षर त्यांना लागलं तर मला कळवावं, कारण मला स्वतःला लागत नाही.

अरे गाढवा, घाबरतोस काय? आपल्या गावात ज्याचं यकृत धड आहे त्याची वरात काढावी लागेल. आता गोळ्या निघाल्यात. तीन महिने गिळायच्या आणि मोकळं व्हायचं. पूर्वीसारखं नाही, ज्या सुयांनी माणूस रोगाआधीच मरायचा तसल्या राहिल्या नाहीत. तोंड बंद ठेव, गोळ्या घे, मध खा.

इन्शिराहकडे गेलो होतो. तिनं चहा दिला, त्यात साखर नव्हती. इतक्या वर्षांत माझ्या चहात चार चमचे टाकणारी पोरगी साखर विसरली, तेव्हाच ओळखलं की गाडी रुळावर नाही. तिच्या भावानं, मितवल्लीनं, तिच्या डोक्यात भरवलंय की तुरुंगात हा रोग दोनच वाटांनी येतो. एक नशेची सुई, आणि दुसरं मी इथे लिहीत नाही, साहेब वाचताहेत. मी म्हटलं, "पोरी, तसं काही नाही. तुरुंगातली घाणेरडी पाती, त्यातून आलं."

ती म्हणाली, "मामा, तिथला न्हावी तोच आहे ना? मग घाणेरडी पाती कुणाची?"

मी चहा संपवला आणि आलो.

आता ती लेकीला, शुरूकला, घेऊन मितवल्लीकडे राहायला गेलीय. म्हणते, चार दिवसांसाठी. तू मनाला लावून घेऊ नकोस. बायका जातात, येतात.

तू हात स्वच्छ ठेव. प्रत्येकाला नवं पातं, आणि वरून तुरटी. तुरटीपुढे काही टिकत नाही. मी चाळीस वर्षं फिरवली.

म्हैस व्यायला आलीय. होईल सगळं नीट.

तुझा मामा,
बस्यूनी

•

तुरुंग, वॉर्ड नऊ
१० डिसेंबर २०१८

मामा,

पत्र मिळालं. ते 'बायका जातात, येतात' तुम्ही कुणाला लिहिलंत? मामी गेली तेव्हा तुम्ही वर्षभर तिची चप्पल दारातून हलवू दिली नव्हती.

आता दोन गोष्टी. दोन्ही वाईट आहेत, पण दुसरीत माझ्यासाठी थोडा उजेड आहे.

पहिली तुरटीची. इथे डॉ. हुवैदा म्हणून एक डॉक्टरीणबाई येतात. वयानं आपल्या शुरूकहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण डोळे असे की हवालदार आपोआप टोपी नीट करतो. त्या परवा वॉर्डात आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही काम करा, मी नुसती बघते." मी खूश झालो. पातं मोडून दोन केलं, अर्धं वस्तऱ्यात घातलं, दुसूकीकाकांची दाढी केली. मग ते अर्धं पातं हवालदारासमोर डब्यात टाकलं आणि पुढच्याला नवं घेतलं. म्हटलं, बघा, एक माणूस, एक पातं. बाहेरच्या दुकानांत तरी असतं का असं?

त्या म्हणाल्या, "छान. आणि तो खडा?"

मी म्हटलं, तुरटी आहे, रक्त थांबवते, घाण मारते.

त्या म्हणाल्या, "आत्ता काकांच्या हनुवटीला कापलं होतं. त्यावर तुम्ही हा खडा फिरवला. आता या माणसाच्या कानाखाली कापलंय. तिथे कुठला खडा फिरवणार?"

मामा, मी खडा हातात धरून उभा राहिलो. ओला होता. एका बाजूला गुलाबी झाला होता, आणि तो रंग मी रोज बघत होतो. चार वर्षं प्रत्येक माणसाला नवं पातं दिलं आणि प्रत्येकाच्या जखमेवर एकच दगड घासला. माझं बोट कापलं की त्यावरही तोच. त्या म्हणाल्या, तुरटी रक्त थांबवते, विषाणू मारते याचा भरवसा नाही. हा विषाणू ताटातून, पेल्यातून, हात मिळवून जात नाही, रक्तातून रक्तात जातो, आणि त्याला एवढीशी जागा पुरते. गोंदायची सुई, वस्तरा, दात घासायचा ब्रश, काहीही. माझ्यामुळे कुणाला झाला का, ते कुणीच सांगू शकणार नाही, असंही म्हणाल्या. मला त्यानं बरं वाटावं अशी त्यांची इच्छा होती. वाटलं नाही.

मी अजून वॉर्डात सांगितलेलं नाही. 'तुरटी संपली' म्हणालो.

आता दुसरी. त्यांनी माझ्या पोटावर यंत्र फिरवलं. म्हणाल्या, यकृत बरंच कडक झालंय. हे चार वर्षांचं काम नाही, वीस-तीस वर्षांचं आहे, जास्तही असेल. मग विचारलं, "लहानपणी कालव्यात पोहायचात? कालव्यातल्या किड्यानं लघवी लाल व्हायची, त्यावरच्या सुया घेतल्या होत्या?" मी म्हटलं, पोहायचो, सगळेच पोहायचे. सुयांचं मला धूसर आठवतं. शाळेचं अंगण आणि स्पिरिटचा वास. बाकी काही नाही.

मामा, तुम्ही तिथे होतात. तुम्हाला आठवत असेल. त्या सुया कशा द्यायचे, एकच सुई फिरायची का, मी त्यांत होतो का, एवढं लिहून द्या. माझ्यासाठी नको, इन्शिराहसाठी. हे दुखणं मी आठ वर्षांचा असतानाचं असेल तर मी इथे काही केलेलं नाही. ती माझं ऐकणार नाही, कारण कैदी स्वतःची बाजू मांडतो असंच तिला वाटणार. तुमचं ऐकेल. मला दुसरं काही नको. ती आणि शुरूक घरी परत यायला हव्यात, बस.

अतवा

•

कफ्र नवार
२९ डिसेंबर २०१८

भाच्या,

म्हैस व्याली. पारडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. थंडी फार पडलीय, माझे गुडघे लिहू देत नाहीत, म्हणून थोडक्यात.

तू विचारलंस ते फार जुनं आहे. चाळीस वर्षं झाली. तेव्हा डॉक्टर यायचे, सुया द्यायचे, जायचे. कोण रांगेत होतं, कोण नव्हतं, हे आता कोण सांगणार? माझं डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही. काल चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होतो. जुनं उकरून काढून कुणाचं भलं होतं? ज्यांनी सुया दिल्या ते मेले, ज्यांनी घेतल्या त्यांतले अर्धे मेले. डॉक्टरीणबाई शहरातल्या आहेत, त्यांना वाटतं सगळं पुस्तकात असतं.

इन्शिराह अजून तिकडेच आहे. तुला सांगावं की नाही कळत नव्हतं, पण सांगतो. मितवल्ली वेगळं व्हायचं बोलतोय. म्हणतो, कैद्याची बायको म्हणून राहिली ते ठीक, पण असल्या रोगाची बदनामी शुरूकच्या लग्नात आड येईल. ती अजून हो म्हणालेली नाही. नाहीही म्हणालेली नाही.

आरोग्य केंद्रातही तपासणी सुरू झालीय. मी गेलो नाही. या वयात काय तपासायचं?

गोळ्या वेळेवर घे.

बस्यूनी

•

तुरुंग, वॉर्ड नऊ
२० जानेवारी २०१९

मामा,

पारडीचं नाव काय ठेवलंत ते लिहिलं नाहीत.

मी वॉर्डात सांगून टाकलं. शुक्रवारच्या नमाजानंतर सगळे बसलेले असतात, तेव्हा उभा राहिलो आणि म्हटलं, "माझ्या रक्तात सी विषाणू आहे. चार वर्षं मी सगळ्यांना एकच तुरटी लावली. कुणाला लागण झाली असेल तर मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई बुधवारी येतात. जाऊन बोट पुढे करा."

आधी कुणाला कळलंच नाही. मग दुसूकीकाकांनी हळूच स्वतःच्या हनुवटीला हात लावला. म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तू आम्हाला तुझं रक्त चोळत होतास?" मी म्हटलं, कदाचित माझं तुम्हाला, कदाचित तुमचं त्यांना. ते उठले आणि मला थोबाडीत मारली. सत्तरीचा म्हातारा आहे, हात थरथरतो, पण चांगली बसली. मग बाकीचे उठले. साहेब वाचताहेत म्हणून पुढचं लिहीत नाही. ओठ आता भरलाय.

माझं न्हाव्याचं स्टूल गेलं. आता मोरी माझ्याकडे आहे. माझ्या पेल्याला कुणीतरी लाल दोरा बांधलाय, चुकून दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाईंनी येऊन सांगितलं की पेल्यानं काही होत नाही, तरी दोरा तसाच. मी सोडत नाही. भीती दोऱ्यावर निभावत असेल तर निभावू दे.

पण बुधवारी बावीस जण गेले, मामा. सहा जणांचं खराब निघालं. दुसूकीकाका त्यांतले एक. कुणालाही दुसऱ्या बराकीत टाकलं नाही, कुणाची भेट बंद झाली नाही. गोळ्या सगळ्यांना मिळणार. काका त्या संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांना ते माझ्याकडून झालं की नाही हे आम्हा दोघांनाही कधी कळणार नाही, आणि आम्हाला अजून एकाच खोलीत राहायचंय.

तुम्ही विचाराल, का सांगितलंस, गप्प बसला असतास तर मान राहिला असता. मीही स्वतःला तेच विचारतो. मला इतकंच कळलं की मी गप्प होतो तोवर रोज सकाळी नवा माणूस माझ्यापुढे येऊन गाल धरत होता. मी तुरटी बंद केली होती, हे खरं. पण ज्यांना आधीच झालं असेल ते तसेच फिरत होते, आणि ते मला एकट्याला ठाऊक होतं.

माझ्या गोळ्या उद्यापासून सुरू. इन्शिराहसाठी मागितलं ते तुम्हाला आठवत नसेल तर राहू दे. पुन्हा विचारणार नाही.

अतवा

•

कफ्र नवार
१७ मार्च २०१९

अतवा,

तुझं पत्र दोन महिने उशीखाली ठेवलं होतं. आज सगळं लिहितो. साहेबांनी वाचलं तरी चालेल, आता गावानंही ऐकलंय.

मला सगळं आठवतं. चष्मा हरवतो, पण ते हरवत नाही.

साल अठ्ठ्याहत्तर. दर मंगळवारी डॉक्टर यायचे. शाळेच्या अंगणात टेबल मांडायचे. टोचायचं काम त्यांचं, उकळायचं माझं. काचेच्या सहा सिरिंजा होत्या, आणि रांगेत शंभर-दीडशे माणसं, पोरं, बायका. प्रत्येक वेळी उकळायच्या, असा नियम होता. स्टोव्हवर पातेलं मीच ठेवायचो. पण स्टोव्ह हळू, रांग लांब, आणि डॉक्टरांना संध्याकाळच्या आत पलीकडच्या गावाला पोहोचायचं असायचं. एका मंगळवारी ते म्हणाले, "बस्यूनी, लवकर कर." मी सिरिंज गरम पाण्यात बुडवली, स्पिरिटच्या कापसानं पुसली आणि दिली. त्यांनी बघितलं आणि घेतली. त्यानंतर आम्ही दोघांनी कधी त्यावर बोलणं केलं नाही. तसंच चालू राहिलं. सुईच्या टोकाला लाल दिसायचं ते मी पुसायचो, आणि पुसलं म्हणजे गेलं, असं मला खरंच वाटायचं. तुला तुरटीचं वाटलं तसं.

तू रांगेत होतास. सुईला फार भ्यायचास. बाकीची पोरं हसायची, म्हणून मी तुला माझ्या कोटामागे उभं करायचो आणि म्हणायचो, याची पाळी शेवटी. सगळे घरी गेले की तुला मांडीवर घ्यायचो, तोंड माझ्या छातीत दाबायचो, आणि डॉक्टर टोचायचे. कुणी तुला रडताना बघू नये म्हणून, अतवा. बारा मंगळवार तू शेवटचा होतास. सगळ्या गावाच्या मागून.

वीस वर्षांपूर्वी रेडिओवर एक डॉक्टर बोलला, त्या सुयांमुळे गावोगावी यकृतं कशी सडली ते. मी हजामत करत होतो. हात थांबला. रेडिओ बंद केला, गिऱ्हाइकाला म्हटलं, बॅटरी गेली. तेव्हापासून मला माहीत आहे. झकियाचं, तुझ्या आईचं, पोट फुगलं, ती माझ्यासमोर आठ महिने मरत होती. मी तिच्या पायाशी बसायचो. ती म्हणायची, "दादा, माझ्याच नशिबात होतं." मी म्हणायचो, हो.

तू लिहिलंस की तू उभा राहून सांगितलंस आणि मार खाल्लास. ते वाचून मी तुझ्यावर चिडलो. खरंच चिडलो, पत्र फेकलं. पंधरा दिवस कुणाशी धड बोललो नाही. मग मितवल्लीच्या घरी गेलो.

इन्शिराह, तिचा भाऊ, शुरूक, तिघांना बसवलं आणि हे सगळं सांगितलं. मितवल्ली म्हणाला, "भाच्याला वाचवायला म्हातारा गोष्ट रचतोय." मी म्हटलं, रचायची असती तर स्वतःला चांगला दाखवला असता. इन्शिराह मांडीवरचे तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मामा, चार महिने मी तुमच्यासमोर त्याला काय काय म्हटलं. तुम्ही ऐकलंत, आणि माझा चहा प्यालात."

मी मान खाली घातली.

नंतर तिनं विचारलं, "शुरूकला झाला असेल का?" दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं आरोग्य केंद्रात गेलो. इन्शिराह आणि शुरूक दोघींचं रक्त स्वच्छ आहे. हे तुला ती स्वतः सांगेल, तरी मी आधी सांगतो, कारण तुझा जीव टांगलेला असेल.

तिथे पन्नासेक माणसं होती. माझ्या वयाची पण होती आणि तुझ्या वयाचीही. म्हटलं, आता तोंड उघडलंच आहे. सांगितलं, "ज्यांनी शाळेच्या अंगणात मंगळवारी सुया घेतल्या, त्यांनी तपासल्याशिवाय घरी जाऊ नका. सिरिंजा मी उकळल्या नव्हत्या." एक बाई रडायला लागली, तिचा नवरा तसाच गेला होता. तुझ्या वर्गातला रद्वान उठला आणि माझ्या पायाशी थुंकला. एक जण म्हणाला, जाऊ दे, त्याला काय माहीत होतं. मी म्हटलं, तेव्हा नव्हतं माहीत, नंतर होतं.

मग माझं बोट टोचलं.

माझ्या पट्टीवर एकच रेघ आली, अतवा. माझं रक्त स्वच्छ आहे. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो ना. नर्स म्हणाली, "मुबारक, काका." मला दोन रेघा हव्या होत्या. इतकं मागितलं होतं मी, तेही मिळालं नाही.

इन्शिराह घरी परत आलीय. मी आता तिच्याकडे जात नाही. तिनं नको म्हटलेलं नाही, पण जात नाही.

माफ कर असं लिहिणार होतो. लिहीत नाही. तुला वाटलं तर उत्तर दे.

बस्यूनी

•

तुरुंग, वॉर्ड नऊ
१४ जुलै २०१९

मामा,

चार महिने तुम्हाला उत्तर दिलं नाही. रमजान गेला, ईदची तुमची बिस्किटं आली, मी वाटून टाकली, स्वतः खाल्ली नाहीत. आता लिहितोय.

गोळ्या एप्रिलमध्ये संपल्या. परवा शेवटची तपासणी झाली. विषाणू गेला. यकृताचा कडकपणा राहणार, त्यावर लक्ष ठेवावं लागेल. डॉ. हुवैदा म्हणाल्या, बरे झालात म्हणजे कायमचे सुटलात असं नाही. पुन्हा कुणाचं रक्त अंगात गेलं तर पुन्हा होईल. दुसूकीकाकाही रोगातून सुटले. त्यांनी माझ्या पेल्याचा दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "आता तुझा चहा मी पिणार." पिऊन टाकला. मला वेगळा दिला नाही.

इन्शिराह येते. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं डबे उघडले, मी खात होतो, ती बघत होती. निघताना म्हणाली, "मी विचारायला हवं होतं. मी आधीच ठरवून टाकलं." मी म्हटलं, मीही तुला आधी तुरटीचं सांगितलं नव्हतं. इतकंच. शुरूक पुढच्या महिन्यात येईल.

आता तुमचं.

शाळेच्या अंगणातल्या सुयांबद्दल माझ्या मनात काही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही तुरटीचं माहीत नव्हतं. त्यावर मी तुम्हाला बोललो तर आधी मला स्वतःला बोलावं लागेल. पण रेडिओ बंद केल्यानंतरची वीस वर्षं वेगळी आहेत. तुम्ही एकदा म्हणाला असतात, अतवा, जा, रक्त तपासून ये, तर मी या वॉर्डात खडा घेऊन बसलोच नसतो. आणि आई. ती 'नशीब' म्हणाली आणि तुम्ही 'हो' म्हणालात. ते मी किती वेळा वाचलं, मोजलं नाही. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावलोय. फार रागावलोय, मामा. कागदावर मावत नाही, म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं.

तरी एक सांगतो. तुमचं पत्र मी वॉर्डात मोठ्यानं वाचलं. अकरा जण अजून बोट पुढे करत नव्हते. पंचेचाळीसच्या वरचे, सगळे गावाकडचे, म्हणायचे, आम्ही नशा करत नाही, गोंदत नाही, आमचा काय संबंध. मी तुमचं अंगण वाचलं, पातेलं वाचलं, स्पिरिटचा कापूस वाचला. वाचून झालं तेव्हा एकानं बाही वर केली आणि दंडाकडे बघत म्हणाला, "आमच्याकडे रविवारी यायचे." दुसरा म्हणाला, "आमच्याकडे मशिदीच्या ओट्यावर." बुधवारी अकराही जण गेले. चौघांचं निघालं. सकाळी ओळीनं उभे राहून गोळ्या गिळतात आणि एकमेकांना तोंड उघडून दाखवतात.

तुम्ही मला शेवटी उभं करायचात, ते मात्र मी वाचलं नाही. आईबद्दलचं वाचलं, रद्वान थुंकला ते वाचलं, ते वाक्य गाळलं. त्यावर काय करावं मला अजून कळत नाही. माझा लाड केलात म्हणून मला सगळ्या गावाचं मिळालं. त्या कोटाचा वास आठवतो मला आता. पूर्वी आठवत नव्हता.

माझी अजून दोन वर्षं आणि थोडे महिने उरलेत. तुम्ही एकोणऐंशीचे. इन्शिराह सांगते, तुम्ही जेवण सोडल्यासारखं केलंय, लोकांत जात नाही, मशिदीत शेवटच्या रांगेत कडेला उभे राहता. हे चालणार नाही. उद्यापासून इन्शिराहकडे जेवायला जा. तिला मी कळवलंय, ती वाट बघेल, आणि चहात साखर टाकेल की नाही ते तिच्यावर.

मी बाहेर येईन, तुमच्यासमोर बसेन आणि मनातलं सगळं बोलेन. आवाज चढवेन. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचं, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. त्यानंतर तुमच्या मांडीवर डोकं ठेवायचं की उठून जायचं, ते मी तेव्हा बघेन. आत्ता मला माहीत नाही.

पण तोवर मरायचं नाही. ऐकलंत ना, मामा?

अतवा